लख्ख इंजिन

धाकटी बॉनेटखाली कमरेपर्यंत वाकून दातांच्या जुन्या ब्रशने बॅटरीच्या टोकावरची पांढरी भुकटी खरवडत होती, आणि तेवढ्यात तिचा चष्मा नाकावरून सटकून इंजिनात पडला.

"गेला," ती म्हणाली.

"कुठे?" थोरलीने विचारलं. ती फाटकाजवळ स्टुलावर बसून जुन्या चादरीचे तुकडे फाडत होती.

"पोटात. आता पोट फाडा गाडीचं."

"काही फाडायला नको. पंख्याच्या खाली हात घाल. जे पडतं ते तिथेच जाऊन बसतं."

धाकटीने कोपरापर्यंत हात घातला. चष्मा निघाला. त्याच्यासोबत पेनाचं एक टोपण, मूठभर वाळका पाला आणि एक मेलेलं झुरळ निघालं. धाकटीने झुरळ मिशीला धरून उजेडात नेलं.

"ताई, हे बघा. हेसुद्धा तुमच्याकडे गाडी शिकायला आलेलं दिसतंय. पहिल्याच वळणाला छाती फुटली बिचाऱ्याची."

थोरली हसली नाही. ती हसायची नाहीच. नुसता तिचा एक खांदा हलायचा. तो हलला.

या दोघी जावा. दोघींचे नवरे आपापल्या वेळेला निघून गेले, आणि मागे एक घर, एक अंगण आणि ही गाडी राहिली. थोरलीने उभा जन्म लोकांना गाडी शिकवली होती. गावातले डॉक्टर, मास्तर, दुकानदार, नव्या सुना, जुने सासरे, सगळे तिच्या हाताखालून गेलेले. चौकात कोणी नीट वळण घेतलं की लोक म्हणायचे, हा बाईंचा. कोणी वाकडं घेतलं तरी म्हणायचे, हाही बाईंचाच, पण पळून गेलेला.

धाकटी गोष्टी सांगण्यात पटाईत. तिच्या हातात राई दिली तर ती नुसता पर्वत करून थांबायची नाही. पर्वतावर बंगला बांधून वर भाडेकरू ठेवायची. थोरलीकडे शिकणारा एक वकील ब्रेकऐवजी दुसरंच काहीतरी दाबून गाडीसकट न्हाव्याच्या दुकानात शिरला, तेव्हा न्हाव्याने काचेवर टकटक करून "दाढी की केस?" असं विचारलं म्हणे. आणि एक शिक्षिका वळायच्या आधी हटकून वायपर सुरू करायची, तेव्हा ती शिकत होती ते सबंध वर्ष गावात पाऊस चुकला नाही. थोरलीला विचारलं तर ती म्हणे, वकील न्हाव्याच्या पायरीला घासला होता, एवढंच. पण थोरलीला विचारायला जातंय कोण!

"त्या कोपऱ्यात बघ," थोरली म्हणाली. "वायपरच्या खाली. तिथे पाला साठतो."

"पाला कसला, बाग आहे. भोपळ्याची बी टाकली असती तर आज वेल छपरावर गेला असता."

"आणि वायरवर पाणी ओतू नकोस. नुसतं ओलं फडकं. पिशवी बांधलीस का तिकडे?"

"बांधली. तुमच्या गाडीला न्हाऊमाखू घालतेय मी. नाकाकानात पाणी जाऊ देईन का?"

धाकटीने कोमट पाण्यात सोडा घालून बॅटरीची टोकं पुसली. रबरी नळ्या एकेक करून साबणाच्या फडक्याने ओढल्या. वर्षानुवर्षांची काळं मेण झालेली घाण बोटांनी, ब्रशने, शेवटी बोथट चमच्याने काढली. मग कोरडं फडकं. फडकी थोरली फाडून द्यायची आणि धाकटी काळी करून परत द्यायची. दुपारी उन्हं अंगणात आली तेव्हा बॉनेटखाली असं लख्ख दिसायला लागलं, की धाकटीने वाकून त्यात आपले केस नीट केले.

"एवढं आत कोण बघणार आहे, ताई? लोक बाहेरून बघतात."

"बाहेरून सगळेच धुतात," थोरली म्हणाली. "पोराने आंघोळ केली की नाही ते कानामागे बघून कळतं."

गाडी विकायची होती, म्हणून हा खटाटोप.

थोरलीच्या डोळ्यांत काचबिंदू झाला होता. समोरचं सगळं स्वच्छ दिसायचं, वाचता यायचं, सुईत दोरा ओवता यायचा; पण कडेचं जग हळूहळू मिटत चाललं होतं. डॉक्टर बोलायच्या आधी हे धाकटीला कळलं होतं, आणि ते कळलं होतं तिच्या पायाला.

त्याचं असं होतं. शिकवायची गाडी, म्हणून तिला शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक होता. थोरलीने शिकवणं थांबवलं, पण तो ब्रेक काढला नाही. मग दर गुरुवारी दोघी तळ्यावर जायच्या, तेव्हा थोरली गाडी चालवायची आणि धाकटी शेजारी बसायची, ब्रेकवर पाय ठेवून. धाकटीला गाडी चालवता येत नव्हती. पण थांबवता येत होती. रस्त्यात चांगली भाजी दिसली की ब्रेक. ओळखीचं कुणी दिसलं की ब्रेक. कुणाच्या दारात भांडण रंगलेलं दिसलं तर लांबूनच हळूहळू ब्रेक, म्हणजे शब्द न शब्द ऐकू यावा. थोरली चिडायची, धाकटी आकाशाकडे बघायची.

पण मागच्या हिवाळ्यापासून धाकटीचा पाय खरोखरीच्या कामाला लागला होता. बाजूने येणारा सायकलवाला थोरलीला दिसला नाही. हातगाडी दिसली नाही. एकदा एक म्हातारा अगदी दाराला चाटून गेला, आणि थोरली म्हणाली, "आता का थांबवलीस? इथे तर भांडण नाही." धाकटी म्हणाली, "झाडावर पोपट होता." त्या दिवसापासून झाडांवर फार पोपट दिसायला लागले.

डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी थोरलीने घरी येऊन किल्ली खिळ्याला अडकवली. मुलाचा लांबून फोन आला, "आई, विकून टाक. उभी ठेवून काय करणार?" ती म्हणाली, "विकते. पण पारोशी देणार नाही."

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त साहेब. सुट्टीच्या दिवशीही टाय लावून आले होते. त्यांनी चाकं बघितली, दारं उघडली, लावली. चालवणाऱ्याच्या बाजूचं दार जरा उचलून लावावं लागतं, हे थोरलीने त्यांना आधीच सांगितलं. साहेबांनी मान डोलावली. मग बॉनेट वर केलं.

आधी "अरे वा" म्हणाले. मग गप्प झाले. मग खाली वाकून गाडीच्या पोटाखाली बघितलं. मग इंजिनाचा वास घेतला. वास घेताना टाय आत लोंबला आणि धाकटीने तो दोन बोटांनी अलगद उचलून धरला.

"फारच स्वच्छ आहे," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला होता, की जणू जेवणाच्या ताटात कोणी फूल वाढलंय.

"माझ्या जावेने केलंय," थोरली म्हणाली.

"कळवतो हं," साहेब म्हणाले, आणि गेले ते गेलेच.

धाकटीला हे कोडं काही उलगडेना. ती कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे गेली. मिस्त्री एका गाडीखाली झोपून काम करत होता. त्याचे फक्त पाय दिसत होते, आणि धाकटी पायांशी बोलली.

"आमचं गिऱ्हाईक पळालं हो. तुम्हीच म्हणत होतात ना, इंजिन घोड्यासारखं आहे म्हणून?"

"आहेच. धुतलं होतं का?"

"धुतलं? न्हाऊमाखू घातलं. त्यात तोंड दिसतं."

पाय हलले. मिस्त्री सरपटत बाहेर आला आणि त्याने कपाळाला हात लावला.

"काकी, जुन्या गाडीचं इंजिन नव्यासारखं दिसलं की गिऱ्हाइकाच्या पोटात गोळा येतो. त्याला वाटतं, तेल गळत असणार, म्हणून पुसून ठेवलंय. धूळ असू द्यायची. सगळीकडे सारखी, कोरडी धूळ. तेल गळत असेल तर धूळ ओली होते, चिकटते. कोरडी धूळ म्हणजे गाडीच्या चालचलणुकीचा दाखला."

"असं होय."

"आता हात लावू नका. आपोआप बसेल धूळ. गेलीच म्हणून समजा गाडी."

"नाही हो लावत," धाकटी म्हणाली.

आणि घरी येता येता तिने दुकानातून एक नवा ब्रश घेतला. कडक केसांचा.

"काय म्हणाला मिस्त्री?" थोरलीने विचारलं.

"म्हणाला, अजून चमकायला हवं. कोपरे राहिलेत."

खोटं बोलताना धाकटीच्या पापण्या लवत नसत. सवयीचं काम होतं. पण त्या दिवशी तिने उगाच चष्मा काढून पुसला.

तिला गाडी जायला नको होती. किल्ली खिळ्यावर गेल्यावरही गुरुवार यायचाच. पहिल्या गुरुवारी दुपारभर थोरली घरात नुसती या खोलीतून त्या खोलीत हिंडली, जणू तिची कसलीतरी वस्तू हरवली होती. शेवटी धाकटीने थर्मासमध्ये चहा भरला, अंगणात गेली आणि गाडीत आपल्या जागेवर जाऊन बसली. थोड्या वेळाने थोरली आली. स्टिअरिंगसमोर बसली. दोघींनी दारं लावली. थोरलीचं उचलून लावावं लागलं.

"काय आहे हे?" थोरली म्हणाली.

"तळ्यावर चाललोय. बोलू नका, चौकात गर्दी आहे. तो बघा, आपला वकील! अजून न्हाव्याच्या दुकानाकडे बघून अंग चोरतोय."

थोरली समोर भिंतीकडे बघत राहिली. मग तिचे दोन्ही हात आपोआप स्टिअरिंगवर गेले.

"आता चढ," धाकटी म्हणाली. "घ्या दुसऱ्यात."

थोरलीने खरोखर दुसऱ्यात घेतली. बंद गाडीचा गिअर खट्‌कन पडला, आणि थोरलीचा खांदा हलला. त्या दिवशी तळ्यात हत्ती उतरले होते. पुढच्या गुरुवारी पाणी इतकं आटलं होतं की मासे चालत काठावर आले आणि त्यांनी वेळ विचारली. चहा संपेपर्यंत दोघी तळ्यावर असायच्या. मग धाकटी ब्रेक दाबायची, म्हणजे घर आलं.

आता ही भिंतीपुढची जागा रिकामी झाली तर गुरुवारी थोरलीने जायचं कुठे?

म्हणून गिऱ्हाईक यायचं ठरलं, की आदल्या संध्याकाळी धाकटी बाह्या सरसावायची. बाहेर येऊन बघावं, तर बादलीच्या काठावर थोरलीने फाडून ठेवलेलं स्वच्छ फडकं घडी घालून तयार असायचं. प्रत्येक वेळी. धाकटीला मनात कसंतरी व्हायचं. बिचारी, काय माहीत हिला, आपण आपल्याच हाताने गिऱ्हाईक पळवतोय. मग ती आणखी जोरात घासायची.

एक नवरा-बायको आले. बायकोला रंग आवडला. नवऱ्याने बॉनेट उघडलं, आत बघितलं, बायकोकडे बघितलं. दोघं डोळ्यांनीच भांडली आणि गेली. मग जुन्या गाड्यांचा एक दलाल आला. त्याने तर बॉनेट उघडून मोठ्याने शीळ घातली.

"काय लपवलंय, आजी?"

"वय," धाकटी म्हणाली.

"गाडीचं?"

"माझं. गाडीचं तर कागदावर लिहिलेलंच आहे."

तो हसला, पण थांबला नाही. थोरली दारात उभी होती. फाटक लागल्यावर म्हणाली, "बरं झालं. त्याने मोडून सुटे भाग विकले असते." आणि आत जाऊन ती पुढचं फडकं फाडायला बसली.

हे असंच चाललं असतं. पण उन्हाळ्याच्या तोंडाशी धाकटीला ताप भरला.

दुपारची झोप लागली होती. झोपेत तिला इंजिनाचा आवाज आला. चांगला, सलग, मिस्त्री म्हणायचा तसा घोड्यासारखा. आधी तिला वाटलं, तळं आलं. मग तिने डोळे उघडले. खिळ्यावर किल्ली नव्हती.

ती भिंत धरत अंगणात आली. फाटक सताड उघडं होतं. गाडी सुरू होती. थोरली स्टिअरिंगसमोर सरळ बसली होती, आणि शेजारची, ब्रेकपुढची जागा रिकामी होती. बाहेर रस्त्यावर शाळा सुटली होती. फाटकासमोरून मुलं धावत होती, कडेकडेने, भिंतीला घासून, जिथून थोरलीला आताशा काहीच दिसत नव्हतं.

 धाकटीने पलीकडून जाऊन दार उघडलं, आपल्या जागेवर बसली आणि ब्रेकवर पाय ठेवला. अंग तापाने फणफणलेलं, पायात चप्पल नाही.

"तुझं औषध संपलंय," थोरली म्हणाली. "दुकान काय, पुढच्या वळणावर तर आहे."

"हो."

"मी इंजिन गरम करत होते."

"हो, ताई."

मुलं जात राहिली. दोघी बघत राहिल्या, एकीला दिसत होती, एकीला फक्त ऐकू येत होती. मग थोरलीने किल्ली फिरवली. गाडी बंद झाली. धाकटीने मात्र पाय काढला नाही; ताप उतरेपर्यंत तिथेच बसून राहील, असं वाटावं इतका तो घट्ट होता.

"पोपट होता का?" थोरलीने विचारलं.

धाकटीच्या तोंडून या वेळी गोष्ट निघाली नाही.

औषध शेजारणीने आणून दिलं. ताप गेला. आणि एका शनिवारी फोन आला. धाकटीने उचलला.

"बाई आहेत का? मी त्यांची शेवटची. त्यांनी सगळ्यात शेवटी शिकवलं ना, ती मी."

धाकटीला ती लगेच आठवली. शिकायला यायची तेव्हा हाडकुळी, घाबरट पोरगी होती. धाकटी मागच्या सीटवर बसून तिचं शिकणं बघायची. गाडी सुरू करायच्या आधी ती स्टिअरिंगवर हलकेच थोपटायची आणि "चल गं" म्हणायची. एकदा गाडी चढावर बंद पडली, तर सगळ्यांनी हॉर्न वाजवले आणि ही गाडीची माफी मागत बसली.

आता ती नर्स होती. अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या घरी जाऊन जखमा धुवायची, पट्ट्या बदलायची. बस सगळीकडे जात नाही, ती म्हणाली. गावाबाहेरच्या एका आजोबांकडे पोचायला तिला दुपार होते, आणि ते सकाळपासून दाराकडे बघत पडलेले असतात. बाईंची गाडी विकायची आहे असं कानावर आलं. खरं का?

धाकटीने फोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"उद्या सकाळी ये," ती म्हणाली.

थोरली स्वयंपाकघरात होती. तिने मान वर केली नाही. "कोण?"

"तुमची ती, 'चल गं'वाली."

"बरं," थोरली म्हणाली, आणि पुन्हा डब्यांची झाकणं पुसायला लागली.

संध्याकाळी धाकटी सवयीने बाहेर आली. बादली पालथी घातलेली होती. काठावर फडकं नव्हतं. तिने आजूबाजूला बघितलं. आधीची सगळी फडकी धुऊन, वाळवून, चौकोनी घड्या करून कोनाड्यात ठेवलेली होती, काम संपल्यावर ठेवतात तशी. धाकटी त्या घड्यांपुढे कितीतरी वेळ उभी राहिली. मग हात न लावता आत गेली.

सकाळी थोरली आंघोळीला गेल्याची खात्री करून तिने बॉनेट उघडलं. इंजिन लख्ख होतं. कुठे नाव ठेवायला जागा नव्हती. धूळ आपोआप बसायला हवी होती, तर तिने महिनोन्‌महिने बसू कुठे दिली होती! मग धाकटीने फाटकाबाहेरच्या रस्त्याकडेची बारीक, पिठासारखी धूळ सुपलीत भरून आणली. मूठभर उचलून फुंकली, तर सगळी तिच्याच तोंडावर आली. दुसरी मूठ टाकली, तर एकाच जागी ढीग पडला. आंधळ्यालाही कळलं असतं.

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग आत गेली आणि पिठाची चाळणी घेऊन आली.

चाळणीने काम चोख झालं. धाकटीने चाळणी एका हाताने धरली आणि दुसऱ्याने कडेला हलकेच टिचक्या मारल्या. इंजिनावर, नळ्यांवर, बॅटरीवर, वायपरखालच्या त्या कोपऱ्यात एकसारखी, तलम, कोरडी धूळ उतरली. वाळकी पानंही तिने शोधून चार टाकली. ज्या कोपऱ्यात ती नवा ब्रश घेऊन लढली होती, तिथे शेवटची टिचकी मारताना तिचा हात जरा थांबला. मग तीही मारली. बॉनेट लावलं. चाळणी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून ती तोंड धुवायला गेली, तर फाटक वाजलं.

शेवटची आता हाडकुळी राहिली नव्हती. खांद्यावर मोठी पिशवी, पिशवीचा पट्टा जिथे घासतो तिथे कपड्याचा रंग उडालेला. ती थोरलीच्या पाया पडायला वाकली, तर थोरलीने तिला मधेच धरलं.

"आधी गाडी बघ. बघायची कशी ते शिकवलंय मी."

तिने बॉनेट उघडलं. आधाराची दांडी लावली, आणि ती नीट बसली की नाही ते हलवून बघितलं.  थोरली पुढे आली. तिने बॅटरीवरून एक बोट फिरवलं, आणि ते बोट डोळ्यांसमोर, अगदी मधोमध, जिथून तिला चांगलं दिसायचं तिथे धरून बघितलं. मग ते हळूच अंगठ्यावर चोळलं. धाकटी आकाशाकडे बघत होती.

"धुतली नाही वाटतं इतक्यात," शेवटची म्हणाली.

"नाही गं," धाकटी म्हणाली. "आम्ही म्हाताऱ्या. एवढं वाकायचं कुणी?"

पोरीने खाली वाकून बघितलं, नळ्यांच्या जोडांवर बोट टेकवलं, तेलाची पट्टी ओढून फडक्यावर पुसली. "सगळं कोरडं आहे, बाई. कुठेच गळत नाही."

"गळत नाहीच," थोरली म्हणाली. "चालवणाऱ्याच्या बाजूचं दार तेवढं उचलून लावावं लागतं."

"मला आठवतंय."

"मिस्त्रीकडेही दाखव. माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस. आणि आता एक चक्कर मार."

किल्ली थोरलीनेच खिळ्यावरून काढून आणली. पोरगी स्टिअरिंगसमोर बसली. धाकटी मागचं दार उघडायला गेली, कारण शिकवताना शेजारची जागा बाईंची, हे ठरलेलं होतं. पण थोरली तिच्याआधी तिथे पोचली होती. ती मागे बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"तू पुढे बस," ती धाकटीला म्हणाली.

"मी? अहो, ताई, ब्रेक..."

"म्हणूनच."

धाकटी पुढे बसली. पाय सवयीने जागेवर गेला. पोरीने स्टिअरिंगवर थोपटलं. "चल गं," ती पुटपुटली, आणि गाडी फाटकातून बाहेर पडली, भिंत मागे टाकून, खऱ्या रस्त्यावर. उन्हं कोवळी होती. एक सायकलवाला कडेने आला. धाकटीच्या पायाची बोटं आवळली. पण गाडी आधीच हळू झाली होती, सायकलवाला निघून गेला आणि गाडी पुन्हा पुढे गेली.

"गुरुवारी माझी फेरी तळ्याच्या बाजूला असते," पोरगी रस्त्यावर नजर ठेवून म्हणाली. "ते आजोबा तिकडेच राहतात. तुम्हाला दोघींना काठावर सोडून पुढे जाईन, येताना घेईन. चालेल का, बाई?"

 धाकटीने आरशात बघितलं. थोरली मान वळवून खिडकीबाहेर बघत होती. आधी एका बाजूला पूर्ण वळून, मग दुसऱ्या बाजूला पूर्ण वळून, घाई न करता. गाडी चालवणाऱ्या माणसाला असं कधी बघता येत नाही.

"माशांना विचारावं लागेल," शेवटी थोरली म्हणाली. "ते वेळ विचारायला येतात."

"कोण येतं?" पोरगी म्हणाली.

"ही सांगेल. लांब गोष्ट आहे." मग थोडं थांबून, त्याच आवाजात, "धाकटे, घरी गेल्यावर चाळणी धुऊन ठेव हो. संध्याकाळी पीठ चाळायचंय मला."

धाकटीने आरशातून नजर काढली. कान तिचे लाल झाले होते. पुढे चौक होता, आणि चौकात कोणाच्या तरी दारात भांडण अगदी रंगात आलं होतं. दोन बायका, एक पुरुष, आणि रस्त्यावर फेकलेली एक मोडकी छत्री. चांगलं थांबून ऐकावं असं होतं.

धाकटीने चपला काढल्या, दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले आणि मांडी घालून बसली.